गोदातीरावरील गणित-लाघव

एखादें गणित फार मोठें असलें आणि वेळ थोडा असला, तर मनुष्यापुढें दोन मार्ग असतात. गणित करणाराची गति वाढवावी, किंवा गणितच लहान करावें. आजच्या संगणकाच्या जगांत या दोन मार्गांचा वाद नित्याचा झाला आहे. संगणकाचें यंत्र, म्हणजे ज्याला हार्डवेअर म्हणतात तें, अधिक वेगवान घेतलें कीं काम भागतें, असें एक पक्ष म्हणतो. त्या यंत्राला सांगावयाची कामाची रीत, म्हणजे सॉफ्टवेअर, नेटकी रचली तर जुन्या यंत्रावरहि तेंच काम उरकतें, असें दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद यंत्राबरोबरच जन्मास आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो यंत्राहून पुष्कळ जुना आहे. आणि त्याच्या इतिहासांतील एक बोलकें प्रकरण परभणी जिल्ह्यांतील पाथरी व तिच्या आसमंतांतील गोदावरीचा कांठ या टापूंत घडलें आहे.

पाथरी हें आज तालुक्याचें गांव आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत त्याचें नांव पार्थपुर असें येतें. १६ व्या शतकाच्या पूर्वार्धांत वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोन सत्तांमध्यें या पाथरीवरून लढाया जुंपल्या होत्या. अशा धामधुमीच्या काळांत तेथें ज्ञानराज नांवाचा ज्योतिषी ग्रहगणितावर ग्रंथ लिहीत बसला होता. त्याचा ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ इ. स. १५०३ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० चा; त्यानंतर सिद्धान्त या प्रकारांतला एवढ्या तोलाचा ग्रंथ हा पहिलाच, असें अभ्यासक मानतात. ज्ञानराजाच्या घरांत ही विद्या पुढेंहि नांदली. पुत्र चिंतामणि यानें पित्याच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका केल्या. याच सूर्यदासाचें ‘रामकृष्णविलोमकाव्य’ प्रसिद्ध आहे. त्यांतील श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा निघते आणि उलट वाचला तर कृष्णाची. थोडक्या अक्षरांकडून दुप्पट काम करून घेण्याची हौस त्या घराला किती होती, हें एवढ्यावरून दिसतें.

भारतीय परंपरेंत ग्रहगणिताच्या ग्रंथांचे तीन प्रकार मानतात. सिद्धान्तग्रंथ सृष्टीच्या, म्हणजे कल्पाच्या, आरंभापासून दिवस मोजतो. तंत्रग्रंथ युगाच्या आरंभापासून मोजतो. आणि करणग्रंथ ग्रंथकारानें निवडलेल्या एखाद्या जवळच्या वर्षापासून मोजतो. सिद्धान्तांत शास्त्राचें मूळ सांपडतें. परंतु त्यावरून रोजचें गणित करणें म्हणजे मोठी शिक्षाच. गेलेल्या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. कल्पारंभापासूनचा अहर्गण बारा आंकडी भरतो. त्याला ग्रहाच्या कल्पांतील फेऱ्यांनीं गुणावयाचें, आणि कल्पांतील एकंदर दिवसांनीं, म्हणजे भास्कराचार्यांच्या मानानें १५,७७,९१,६४,५०,००० या तेरा आंकडी संख्येनें, भागावयाचें. तेव्हां कोठें एका ग्रहाचें मध्यम स्थान हातीं येतें. तेंहि आकाशांत दिसणारें स्थान नव्हे. ग्रहाची गति कमीजास्त होते, म्हणून मध्यम स्थानाला संस्कार द्यावे लागतात. आणि त्यासाठीं ज्या व चाप यांचें गणित, म्हणजे आजच्या शाळेंतील त्रिकोणमितीचा साइन आणि त्याची उलट क्रिया, पुन्हां पुन्हां करावें लागतें.

आतां हें काम किती वेळां करावयाचें तें पाहावें. एका वर्षाच्या पंचांगांत सुमारें ३७१ तिथि, ३६१ नक्षत्रें आणि ३८८ योग येतात. प्रत्येकाच्या समाप्तीचा क्षण घटि-पळांत द्यावयाचा. म्हणजे केवळ या तीन अंगांसाठीं वर्षाला अकराशेंहून अधिक वेळां सूर्यचंद्रांचें गणित आलें. ग्रहणें आणि इतर ग्रह निराळेच. धूळपाटीवर बोटानें आंकडे मांडून पुसणाऱ्या गांवजोशाला हा भार झेपणारा नव्हता. हाताचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. मदतीला शिष्य घ्यावे तर पोटें वाढतात, आणि चुका करणारे हातहि वाढतात. उरला तो एकच मार्ग: गणित लहान करणें.

हा मार्ग ज्यानें दूरवर नेला तो गणेश दैवज्ञ कोंकणांतील नांदगांवचा. त्याचा पिता केशव हाहि नामांकित ज्योतिषी होता. ग्रहांचे वेध घेऊन, ग्रंथांतील आंकडे आकाशाशीं कोठें जुळत नाहींत, हें तो तपाशीत असे. गणेशानें शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हें आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. करणग्रंथ त्याच्या आधींहि पुष्कळ झाले होते. गणेशाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यानें ज्या आणि चाप यांना ग्रंथांतून सर्वस्वीं रजा दिली. पूर्वींच्या कोणी ज्याचापांवांचून थोडें कांहीं साधलें तर ते गर्वाच्या शिखरावर चढले. आपण सारेंच तसें साधलें, परंतु आपली बुद्धि त्यांच्याच शास्त्रावर वाढलेली असल्यामुळें आपल्याला गर्व नसावा, अशा अर्थाचें त्यानें ग्रंथाच्या शेवटीं लिहिलें आहे.

त्याची पहिली युक्ति दिवस मोजण्याची. कलियुगाच्या आरंभापासून मोजलें तरी १५२० सालीं अहर्गण सुमारें १६ लाख ८८ हजार भरतो. गणेशानें ११ वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र कल्पिलें. गेलेलीं पूर्ण चक्रें निराळीं मोजावयाचीं आणि चालू चक्रांतील दिवस तेवढे हातीं धरावयाचे. त्यामुळें अहर्गण कधींहि चार आंकड्यांच्या पलीकडे जात नाहीं. एका चक्रांत ग्रहाच्या स्थानांत किती फरक पडतो, तो ‘ध्रुवक’ या नांवानें एकदांच काढून ठेवलेला; आरंभवर्षाचें स्थान ‘क्षेपक’ या नांवानें तयार. बारा आंकडी गुणाकार अशा रीतीनें लहान मुलाच्या पाढ्यांवर येऊन ठेपला.

दुसरी युक्ति ज्यांवांचून संस्कार काढण्याची. सूर्याचाच दाखला घ्यावा. सूर्याचा भुज, म्हणजे त्याच्या मंदगतीच्या बिंदूपासून गणिताच्या नियमानें मोजलेलें अंतर, अंशांत घेऊन त्याला ९ नें भागावें. जें येईल तें २० मधून वजा करावें, आणि बाकीला त्याच भागाकारानें गुणावें. हा गुणाकार एकीकडे मांडून ठेवावा. त्याचा नववा हिस्सा ५७ मधून उणा करावा, आणि जें उरेल त्यानें मांडलेल्या गुणाकारास भागावें. येईल तो संस्कार. श्रोत्यांनीं भुज ९० अंश घेऊन पाहावें. नवानें भागून १०, विसांतून वजा करून पुन्हां १०, गुणाकार १००. शंभराचा नववा हिस्सा सुमारें ११.११, तो ५७ मधून जातां ४५.८९ उरतात. त्यांनीं १०० ला भागलें कीं २ अंश १० कला ४५ विकला येतात. सूर्यसिद्धान्ताच्या ज्यागणितानें येणारें उत्तर यापासून पाव कलेहूनहि कमी अंतरावर आहे. कोष्टक नाहीं, वर्गमूळ नाहीं. दोन वजाबाक्या, एक गुणाकार, तीन भागाकार, एवढ्यांत काम झालें.

ही युक्ति आभाळांतून पडली नव्हती. ७ व्या शतकांतील पहिला भास्कर यानें ज्या काढण्याचें असेंच एक अपूर्णांकी सूत्र दिलें आहे. ३० अंशांना तें बरोबर अर्धा हें उत्तर देतें. ४५ अंशांना ०.७०७१ च्या ऐवजीं ०.७०५९ देतें. गणेशाचें सूत्र त्याच घडणीचें आहे. मात्र आंकडे लहान राहावेत म्हणून ९ चा भाग आधींच देऊन घेतला आहे. इतर पांच ग्रहांसाठीं त्यानें १५–१५ अंशांच्या अंतरानें तयार आंकडे देऊन मधलें उत्तर त्रैराशिकानें काढण्यास सांगितलें. पुढें १५२५ सालीं ‘तिथिचिंतामणि’ या लहानशा ग्रंथांत तिथि, नक्षत्र व योग यांचीं कोष्टकेंच त्यानें रचून दिलीं. जें गणित हजारों लोक वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां करणार, त्याच्यावर एका मनुष्यानें एकदांच बुद्धि खर्च करावी आणि बाकीच्यांचे कष्ट वांचवावे, हा त्यांतला हिशेब होता.

या लाघवाची पुढची कथा पुन्हां गोदावरीच्या कांठीं येते. गणेशाचा एक शिष्य दिवाकर हा गोलग्रामचा. हें गांव गोदावरीच्या उत्तर तीरावर, पाथरीच्या पश्चिमेस कांहीं योजनांवर होतें. दिवाकराचा पणतू कमलाकर यानें आपल्या मूळ गांवाचा पत्ता देवगिरीचा किल्ला आणि पाथरी यांच्या खुणेनेंच दिला आहे. दिवाकराला पांच पुत्र: विष्णु, कृष्ण, मल्लारि, केशव आणि विश्वनाथ. हें घराणें पुढें काशीस जाऊन राहिलें, आणि तेथें त्यानें तीन पिढ्या ग्रहगणिताची ध्वजा उंच ठेवली. कृष्णाचा पुत्र नृसिंह याचा जन्म १५८६ चा. आपल्या चुलत्यांपाशीं शिकून त्यानें १६११ सालीं सूर्यसिद्धान्तावर ‘सौरभाष्य’ आणि १६२१ सालीं सिद्धान्तशिरोमणीवर ‘वासनावार्तिक’ लिहिलें. नृसिंहाचा पुत्र कमलाकर यानें १६५८ सालीं ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला.

या घराण्यांतील दोघा भावांचें काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. ग्रहलाघव हा ग्रंथ रीत सांगतो, कारण सांगत नाहीं. ९ नें कां भागावें, ५७ मधूनच कां उणें करावें, याचा त्यांत उल्लेख नाहीं. लाघवाच्या ग्रंथांत तो असणें शक्यहि नव्हतें. मल्लारीनें ही उणीव ओळखली. त्यानें ग्रहलाघवावर जी टीका लिहिली तिच्यांत प्रत्येक रीतीची उपपत्ति, म्हणजे ती कोणत्या मूळ सिद्धान्तांतून कशी निघाली, हें उलगडून दाखविलें. विश्वनाथानें दुसरें काम केलें. खरीखुरी तारीख घेऊन, प्रत्येक नियमाचें उदाहरण आंकड्यांसह सोडवून दाखविलें; म्हणजे शिकणाराला आपलें उत्तर ताडून पाहतां यावें. आजच्या संगणकाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर गणेशानें आज्ञावली लिहिली, मल्लारीनें तिचें विवरण लिहिलें आणि विश्वनाथानें तिच्या चाचण्या लिहून ठेवल्या. तिन्ही कामें तीन स्वतंत्र व्यक्तींनीं केलीं, आणि गुरूच्या कीर्तींत शिष्याच्या पुत्रांचा हा वांटा सहसा सांगितला जात नाहीं.

परंतु लाघवाचें मोल द्यावें लागतें, तें याच ठिकाणीं. ग्रहलाघव इतकें सोपें होतें कीं महाराष्ट्र, गुजराथ, कर्नाटक आणि उत्तर हिंदुस्थान एवढ्या विस्तारांत तें पसरलें आणि १९ व्या शतकापर्यंत पंचांगकर्त्यांच्या हातांत राहिलें. ज्या गणेशानें, कोणत्या ग्रहाचें कोणत्या पक्षाचें मान वेधाशीं जुळतें हें पाहून निवड केली होती, त्याच्या अनुयायांपैकीं बहुतेकांनीं वेध घेणेंच सोडून दिलें. क्षेपक आणि ध्रुवक पाठ असले कीं पंचांग तयार होत असे. मग आकाशाकडे पाहावयाचें कशाला? दोष मात्र आंत दडून होता. सूर्यसिद्धान्ताचें वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटें ३६ सेकंदांचें आहे. नक्षत्रांच्या संदर्भानें मोजलेलें खरें वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटें १० सेकंदांचें आहे. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांहून कमी. पण १५२० पासून १८६० पर्यंतच्या ३४० वर्षांत एवढ्या फरकाचे साडेएकोणीस तास होतात. हा दोष गणेशाच्या लाघवाचा नव्हे. तो मुळांतल्या अंकाचा आहे. मात्र जो तयार ध्रुवकावर काम करतो त्याला मूळ अंक कधीं दिसतच नाहीं, आणि जो दिसत नाहीं तो दुरुस्तहि होत नाहीं. ग्रहणांच्या वेळा आणि कांहीं ग्रहांचीं स्थानें आकाशाशीं जुळेनाशीं झालीं, तरी रीत चालूच राहिली.

हें कोडें सोडविण्यास पुण्याच्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं आरंभ केला. १८६० सालीं त्यांनीं युरोपीय गणिताच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें त्या गणिताचें पंचांगहि निघालें. पुढें व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं ‘ज्योतिर्गणित’ रचलें, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथांत या साऱ्या परंपरेचा हिशेब मांडला. नव्या पंचांगांवर मोठे वाद माजले. व्रताचा दिवस बदलतो म्हटल्यावर लोकांना राग येणें साहजिकच होतें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, छत्रे आणि केतकर यांनीं लाघव टाकलें नाहीं. त्यांनींहि कोष्टकेंच दिलीं. फक्त त्यांच्या मुळाशीं नवे वेध आणि नवे अंक घातले.

गणित लहान करण्याची ही विद्या केवळ हिंदुस्थानची होती असेंहि नव्हे. जर्मन गणिती गाउस यानें १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांचें गणित करतांना एका लांबलचक बेरजेचे भाग पाडून श्रम वांचविण्याची रीत काढली. ती त्याच्या कागदांत राहून गेली. १९६५ सालीं अमेरिकेंतील कूली व ट्यूकी यांनीं तीच रीत संगणकासाठीं नव्यानें शोधली. १०२४ अंकांवर हें गणित सरळ मार्गानें केलें तर सुमारें साडेदहा लाख क्रिया लागतात. या रीतीनें त्या दहा हजारांच्या घरांत येतात. शंभरपट वेगाचें यंत्र विकत घेतल्यानें जें झालें असतें तें कागदावरच्या विचारानें झालें. १९५९ सालीं जॅक व्होल्डर यानें तर गणेशाच्याच अडचणीला हात घातला. विमानांतील लहान संगणकाला साइन काढावयाचा होता आणि गुणाकार त्याला महाग पडत होता. व्होल्डरनें केवळ बेरजा, अंकांची सरकवासरकव आणि एक लहानसें कोष्टक यांवर तें साधलें. १९७२ सालीं आलेल्या खिशांतल्या गणकयंत्रांत हीच रीत होती.

त्या काळीं काटकसर ही आवड नव्हती, गरज होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्याच्या मुख्य स्मृतींत अवघीं २०४८ घरें होतीं. ज्याला काम करून घ्यावयाचें त्यानें आपली सारी आज्ञावली आणि सारे आंकडे तेवढ्यांत बसवावयाचे. पुढें चित्र पालटलें. यंत्रांतील सूक्ष्म घटकांची संख्या ठराविक काळांत दुप्पट होत जाईल, असें गॉर्डन मूर यानें १९६५ सालीं वर्तविलें, आणि कित्येक दशकें तें खरें ठरलें. आज जी आज्ञावली मंद चालते ती दोन वर्षांनीं नव्या यंत्रावर आपोआप वेगानें चालेल, असा भरंवसा उत्पन्न झाला. त्याबरोबर शैथिल्यहि आलें. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनीं १९९५ सालीं याबद्दल इशारा दिला. यंत्रें जितकीं जलद होतात त्याहून अधिक झपाट्यानें आज्ञावली मंद होत आहेत, अशी त्यांची तक्रार होती.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि न्यायानें ऐकलें पाहिजे. बुद्धीचे श्रम फुकट नसतात. जें गणित एकदांच करावयाचें आहे, त्याच्यासाठीं महिनाभर युक्ति शोधीत बसण्यापेक्षां यंत्राला तासभर राबविणें शहाणपणाचें. काटकसरीचा अतिरेक पुढें गळ्याशीं येतो याचाहि दाखला आहे. जुन्या संगणकांत जागा वांचावी म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहिण्याचा प्रघात पडला. कारण विसरलें गेलें, प्रघात उरला. आणि २००० साल उजाडण्यापूर्वीं १९०० व २००० यांतील घोटाळा टाळण्यासाठीं जगभर जुन्या आज्ञावली उकलून दुरुस्त कराव्या लागल्या. ग्रहलाघवाच्या अनुयायांची आणि या प्रघाताची जात एकच. उपपत्ति हरवलेलें लाघव हें फेडीची तारीख न लिहिलेल्या कर्जासारखें असतें.

तथापि केवळ यंत्रावर विसंबण्याचे दिवस सरत आले, हेंहि खरें. २००५ च्या सुमारास यंत्राच्या ठोक्यांचा वेग उष्णतेच्या अडचणीमुळें वाढेनासा झाला. तेव्हांपासून एकाच्या जागीं अनेक गणकें जोडण्याकडे कल वळला. आणि अनेक गणकांत काम वांटून देणें हें पुन्हां रीतीचेंच काम. लाघवाचा वांटा किती मोठा असतो याचें एक मोजमाप जर्मन गणिती मार्टिन ग्रोट्शेल यांनीं दिलें आहे. कारखान्यांतील उत्पादनाच्या योजनेचें एक गणित १९८८ च्या यंत्रानें व रीतीनें ८२ वर्षें चाललें असतें. २००३ सालीं तें सुमारें एका मिनिटांत सुटूं लागलें. ही प्रगति सुमारें ४ कोटी ३० लाख पटींची. तिच्यांत यंत्राच्या वेगाचा वांटा सुमारें १००० पट आणि गणिताच्या सुधारलेल्या रीतीचा सुमारें ४३,००० पट, असें त्यांचें मोजमाप आहे.

महाराष्ट्रांत या दोन मार्गांचा संगम पुण्यास झाला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. एकट्यानें फारसें बळ नसलेलीं गणकें एकत्र जोडून त्यांच्यांत काम वांटून देण्याची ती युक्ति होती. आज पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंत २०२४ सालापासून ‘अर्क’ नांवाचा महासंगणक आहे. त्याची शक्ति ११.७७ पेटाफ्लॉप्स. लीलावतींतील संख्यांच्या नांवांनीं सांगावयाचें तर एकावर १५ शून्यें म्हणजे ‘अंत्य’. अशीं अकरा अंत्यांहून अधिक गणितें तो एका सेकंदांत करूं शकतो. एवढें बळ असूनहि रीतीवांचून चालत नाहीं. हवामानाचें गणित करतांना पृथ्वीवर जाळें कल्पावें लागतें. जाळ्याचें घर १२ किलोमीटरांवरून ६ किलोमीटरांवर आणलें तर घरांची संख्या चौपट होते, आणि वेळेचे टप्पेहि निम्मे घ्यावे लागतात; म्हणजे काम आठपट. मे २०२५ मध्यें सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्यें तें ६ किलोमीटरांवर आलें आहे, तें नव्या यंत्राच्या बळावर आणि जाळ्याच्या नव्या रचनेच्या बळावर, अशा दुहेरी आधारानें.

त्याचा लाभ शेवटीं जेथें पोहोंचावयाचा तीं ठिकाणें पाथरीच्या आसपासचींच आहेत. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, आणि मराठवाड्यांतील शेतकऱ्यांना तेथून हवामानाप्रमाणें शेतीचा सल्ला दिला जातो. कापूस आणि सोयाबीन यांची पेरणी मृगाच्या पावसावर करावी कीं आठ दिवस थांबावें, हा प्रश्न तेथें घरच्या बियाण्याचा आणि उसनवारीच्या पैशाचा असतो. अंदाज अचूक असून उशिरां आला तर उपयोग नाहीं. वेळेवर आला पण आकाशाशीं जुळला नाहीं तरीहि उपयोग नाहीं. आणि तो ज्या हातयंत्रावर वाचावयाचा, तें जुनें व स्वस्त असेल तर जडजड आज्ञावली त्याच्यावर चालत नाहींत. शहरांत जी बेफिकिरी नवें यंत्र घेऊन झांकतां येते, तिची किंमत खेड्यांत दुसराच कोणी भरतो.

काशीच्या सुधाकर द्विवेदींनीं संपादिलेली ग्रहलाघवाची छापील प्रत आज अभ्यासकांच्या हातीं आहे. तिच्या पानांवर वर गणेशाचा श्लोक, खालीं मल्लारीची उपपत्ति आणि विश्वनाथाचें सोडविलेलें उदाहरण, अशी मांडणी दिसते. श्लोक चार ओळींचा असतो. खालची टीका त्याच्या कित्येक पट लांब. गणित लहान करावयाचें तर त्याचें कारण असें विस्तारानें लिहून ठेवावें लागतें, हें गोलग्रामच्या त्या दोघा भावांना चारशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. मात्र त्या पानांवर जागा नसलेलें एक काम वाचणाऱ्याकडेच राहतें: रात्रीं बाहेर येऊन, ग्रह सांगितलेल्या ठिकाणीं आहे कीं नाहीं, तें पाहणें.